अहवालातील ‘निष्काळजीपणा’ आणि जोखीम नोंदवहीतील एक ओळ

अजनीकर (धागाकर्ता)

नमस्कार. नागपूर परिसरातील एका कारखान्यात मी गेली बावीस वर्षे सुरक्षा विभागात काम करीत आहे. कोळसा खाणी, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे, स्फोटकांचे कारखाने, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या वसाहती असे सगळेच आपल्या आसपास असल्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध असलेली माणसे येथे बरीच असतील, म्हणून एक जुने प्रकरण सविस्तर मांडतो.

साधारण दहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते आणि यार्डातला कोळसा ओला होता. दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती. बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या कन्व्हेयरच्या (सरकत्या पट्ट्याच्या) टेल पुलीपाशी, म्हणजे पट्टा जिच्यावरून वळतो त्या मागच्या टोकाच्या चाकापाशी, एक कंत्राटी हेल्पर साचलेला चिखलकोळसा लोखंडी सळईने खरवडून काढत होता. बेल्ट चालू होता. सळई पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये ओढली गेली आणि तिच्यामागोमाग त्याचा उजवा हात ओढला गेला. त्याची दोन बोटे गेली.

चोवीस तासांत अहवाल तयार झाला. ‘जखमी कामगाराने चालू यंत्रावर साफसफाई केली. कारण : कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : सर्व कामगारांना समज देण्यात आली.’ तयार करणाऱ्याच्या रकान्यात सही माझी होती, आणि सही करताना त्यात काही चुकीचे आहे असे मला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोटो काढण्यासाठी मी पुन्हा त्या जागी गेलो. पुलीचा गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मी तो बाजूला सरकवला, तेव्हा मागच्या भिंतीवर गार्डच्याच मापाचा स्वच्छ चौकोन दिसला. बाकीच्या भिंतीवर कोळशाच्या धुळीचा जाड थर होता. तो गार्ड अपघाताच्या दिवशी काढलेला नव्हता. कित्येक महिन्यांपासून तो तेथेच उभा होता, आणि त्या काळात मी दर आठवड्याला त्या जागेवरून पाहणीची फेरी मारत होतो. गार्ड बसवण्याच्या चार छिद्रांपैकी एकात बोल्ट शिल्लक होता आणि त्याचे डोके पाना लागणार नाही इतके गोल झालेले होते. पुल कॉर्ड, म्हणजे ओढल्यावर बेल्ट थांबवणारी दोरी, इतकी सैल झाली होती की हातभर ओढूनही स्विच पडत नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑडिटसाठी जोखीम नोंदवही, म्हणजे प्रत्येक धोक्याची तीव्रता आणि शक्यता अंकांत लिहून ठेवण्याची वही, उघडली, तेव्हा त्या कन्व्हेयरची ओळ समोर आली. धोका : हात अडकणे. तीव्रता ४, शक्यता १, गुणाकार ४, जोखीम स्वीकारार्ह. विद्यमान उपाय : गार्ड, पुल कॉर्ड, प्रशिक्षण. ही ओळही माझ्याच विभागाने लिहिलेली होती. म्हणजे एका फायलीत आम्ही दोन अडथळे आहेत असे धरून शक्यता १ दिली होती, आणि ते दोन्ही अडथळे जागेवर नसताना झालेल्या अपघाताचे कारण दुसऱ्या फायलीत कामगाराच्या नावावर लिहिले होते. या दोन फायली एकाच कपाटात होत्या आणि त्या शेजारी ठेवून कोणी वाचल्या नव्हत्या.

त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम संरक्षण असावे आणि तो भाग गतिमान असताना ते जागेवरच असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ती जबाबदारी हेल्परची नव्हती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की प्रत्येक अपघात ही आपण आधी केलेल्या जोखीम विश्लेषणाची परीक्षा असते, आणि चौकशीचा पहिला प्रश्न ‘कोणी काय केले’ हा नसून ‘आपल्या नोंदवहीत याबद्दल काय लिहिले होते आणि ते खरे का ठरले नाही’ हा असला पाहिजे. आपापल्या क्षेत्रात हे कसे चालते, ते कृपया लिहावे.

खाणकरी

धागा मनापासून आवडला. मी उमरेडच्या बाजूला भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीचा पर्यवेक्षक, म्हणून काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. तुमच्या ‘निष्काळजीपणा’ला आमच्याकडे समांतर वाक्य आहे : ‘आधार नसलेल्या छताखाली गेला.’ छत पडून माणूस गेला की हे वाक्य अहवालात येतेच, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु तो तेथे का गेला, हे शोधायला गेले की आधाराचे सामान किती लांब ठेवले होते, ते वाहून आणायला त्या पाळीत माणसे किती होती आणि त्या दिवशीचे टनेज किती मागितले होते, हे सगळे बाहेर येते.

छत तपासण्याची आमची साधी पद्धत म्हणजे काठीने ठोकून आवाज ऐकणे. घट्ट दगड खणखणीत वाजतो आणि सुटलेला दगड बद्द वाजतो. नव्या मुलाला हा फरक कानात बसायला कित्येक महिने लागतात. जोखीम विश्लेषणाच्या तक्त्यात मात्र ‘छत तपासणी : होते’ एवढेच लिहिलेले असते, ठोकणाऱ्याचा कान किती तयार आहे, याचा रकाना नसतो.

धनबादजवळच्या चासनाळा कोळसा खाणीची आठवण आमच्या पिढीला आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतले पाणी खालच्या चालू कामात फुटले आणि ३७५ माणसे गेली. त्या दिवशी खाली उतरलेल्या पाळीतल्या कोणाच्या ‘कृती’त त्या अपघाताचे कारण कसे सापडणार? ते जुन्या आणि नव्या कामांच्या मध्ये किती दगड-कोळसा शिल्लक आहे, या प्रश्नात होते, आणि तो प्रश्न नकाशाच्या टेबलावरचा आहे. कोळसा खाण विनियम २०१७ नुसार आता प्रत्येक खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो आणि त्यात धोके ओळखून जोखीम ठरवावी लागते. माझ्या अनुभवात, ज्या खाणीत तो आराखडा करताना सरदार (खाणीतल्या एका भागाची देखरेख करणारा) आणि ड्रेसर (छताचे सुटलेले दगड काढणारा) यांना बोलावून बसवले, तेथला आराखडा वाचण्यासारखा झाला. जेथे तो कार्यालयात बसून झाला, तेथे शेजारच्या खाणीचे नाव पुसून आपले नाव घातल्यासारखा दिसला.

पाळी_नंबर_दोन

मी उत्पादन विभागात सुपरवायझर आहे आणि येथे थोडा वेगळा सूर लावणार आहे. सगळे दोष यंत्रणेवर टाकायचे ठरवले, तर माणसाची जबाबदारी उरतच नाही. चालू बेल्टवरून उडी मारून पलीकडे जाणारे लोक मी रोज पाहतो, आणि ओलांडण्यासाठी बांधलेला पूल तेथून पन्नास पावलांवर आहे. त्यांना प्रशिक्षण दिलेले आहे, फलक लावलेला आहे, दोनदा दंडही झालेला आहे. ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, असे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते. उद्या त्यांच्यापैकी एखादा पडला, तर त्याचे कारण मी काय लिहू?

प्रमेय

मी नागपुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विश्वासार्हता आणि जोखीम विश्लेषण शिकवतो. आधी त्या ८८ टक्क्यांविषयी लिहितो, कारण ती संख्या खूप फिरते आणि ती कोठून आली हे क्वचितच सांगितले जाते. अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिश यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून ती रूढ झाली. त्यांनी विम्याच्या दाव्यांच्या फायली आणि कारखानदारांकडील नोंदी मिळून सुमारे ७५,००० प्रकरणे वर्गवारीसाठी घेतली आणि ८८ टक्के असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित परिस्थिती आणि २ टक्के अटळ, अशी विभागणी केली. त्या नोंदी कामगारांनी लिहिलेल्या नव्हत्या. अजनीकरांनी सही केलेला अहवाल त्या ढिगात असता, तर तोही ‘असुरक्षित कृती’ या खान्यात गेला असता. म्हणून ती संख्या, अपघात कशामुळे होतात याहीपेक्षा, अहवालात कारण म्हणून काय लिहिले जाते हे आपल्याला सांगते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘तीव्रता ४ गुणिले शक्यता १’ हा गुणाकार दिसतो गणितासारखा, पण यातले अंक क्रम दाखवणारे आहेत. शक्यता २ म्हणजे शक्यता १ च्या दुप्पट, असा त्याचा अर्थ नसतो. हात जाण्याच्या प्रसंगाला ‘४ गुणिले १’ म्हणजे ४ आणि बोट खरचटण्याच्या प्रसंगाला ‘१ गुणिले ४’ म्हणजेही ४ मिळतात आणि दोन्ही ओळी एकाच हिरव्या रंगात रंगतात. तक्ता निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. चर्चा सुरू करण्यासाठी तो बरा आहे. पण शक्यता १ लिहिताना ‘हा १ कोणाच्या भरवशावर?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचे उत्तर नोंदवहीत त्याच ओळीत असायला हवे.

याहून मोठी चूक अडथळे स्वतंत्र आहेत असे धरण्यात होते. समजा, गार्ड, पुल कॉर्ड आणि पर्यवेक्षण असे तीन अडथळे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक दहा वेळांत एकदा निकामी असतो. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर तिन्ही एकाच वेळी निकामी असण्याची शक्यता हजारात एक येते आणि आपण निश्चिंत होतो. पण गार्ड बसवणारा, कॉर्ड ताणणारा आणि त्या भागात फेरी मारणारा फिटर एकच असेल आणि दहापैकी एका पाळीत तो दुसरीकडे पाठवला जात असेल, तर तिन्ही अडथळे एकदमच जातात आणि हजारात एकचे दहात एक होते. फॉल्ट ट्री काढण्याचा खरा उपयोग हा आहे. १९६२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मिनटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण नियंत्रणासाठी ही पद्धत विकसित झाली. तिच्यात नको असलेली घटना वर लिहून ‘हे आणि तेही झाले तर’ किंवा ‘हे अथवा ते झाले तर’ अशा फांद्या खाली काढत जातात. एकच मूळ दोन-तीन फांद्यांच्या तळाशी पुन्हा पुन्हा दिसू लागले की समजावे, आपले अडथळे मोजायला तीन असले तरी टिकायला एकच आहे.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हेच दिसले. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरून अभिक्रिया सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिने बंद ठेवलेली होती, वायू शोषून घेणारा स्क्रबर कामाच्या स्थितीत नव्हता, आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोचले नाहीत. आराखड्यावर हे अडथळे एकामागोमाग एक उभे होते. प्रत्यक्षात तोट्यात चाललेल्या कारखान्यातील काटकसर हे त्यांच्यापैकी अनेकांच्या तळाशी असलेले समान मूळ होते. पाणी टाकीत नेमके कसे शिरले, यावर कंपनी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला, आणि तो वाद ‘त्या रात्री कोणी काय केले’ या प्रश्नाभोवतीच फिरत राहिला. पाणी कोणत्याही मार्गाने शिरले असले, तरी वरचे अडथळे बंद का होते हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

वकील_सिव्हिल_लाइन्स

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते, कारण अहवालातील शब्द पुढे कोठे जातात याची कल्पना लिहिणाऱ्याला पुष्कळदा नसते. कर्मचारी नुकसान भरपाई अधिनियम १९२३ च्या कलम ३ मध्ये मालकाची जबाबदारी कोणत्या प्रसंगी टळते ते सांगितले होते : कामगार मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा सुरक्षा गार्ड जाणूनबुजून काढला असेल, तर. त्यातही मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असल्यास ही सबब चालत नाही. ‘जाणूनबुजून’ आणि ‘निष्काळजीपणाने’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि नुसत्या निष्काळजीपणाने कामगाराचा हक्क जात नाही. तरीही दोन बोटे गेल्यासारख्या अंशतः अपंगत्वाच्या प्रकरणात, अहवालात ‘कामगाराने गार्ड काढला’ असे एक वाक्य लिहिले, तर ते त्या माणसाच्या भरपाईच्या आड उभे केले जाऊ शकते. भिंतीवरच्या त्या स्वच्छ चौकोनाचा फोटो अशा वेळी किती मोलाचा असतो, हे मी वेगळे सांगायला नको. तो माणूस राज्य कामगार विमा योजनेत असेल, तर त्याला लाभ तिकडून मिळतो, ही गोष्ट निराळी.

दुसरे असे की शिक्षेच्या भीतीखाली चाललेल्या चौकशीत खरे कोणी बोलत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या, विमान अपघातांच्या तपासाविषयीच्या तेराव्या परिशिष्टात तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे कार्यालय रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवले आहे, तेही तपास करणारा आणि गाडी चालवणारा एक असू नये म्हणूनच. कारखान्यात मात्र ज्याच्या विभागात अपघात झाला, तोच पुष्कळदा चौकशी समितीचा अध्यक्ष असतो.

अजनीकर

पाळी_नंबर_दोन, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. तो पूल पन्नास पावलांवर आहे. म्हणजे एकदा पलीकडे जाऊन परत कामाच्या जागी येण्यासाठी माणसाला दोनशे पावले चालावी लागतात. एका पाळीत त्याला कितीदा ओलांडावे लागते, ते एक दिवस उभे राहून मोजा. वीस वेळा असेल, तर चार हजार पावले झाली, आणि ती मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर असताना पत्र्याच्या शेडखाली चालायची. पूल जेथे ओलांडतात तेथे बांधला आहे की जेथे जागा मोकळी होती तेथे, हा प्रश्न मी आधी विचारीन.

माणसाची जबाबदारी उरत नाही, असे मी म्हणत नाही. मानवी चुकांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी केलेला भेद मला कामाच्या ठिकाणी फार उपयोगी पडला आहे. हात घसरणे किंवा एखादी पायरी विसरणे वेगळे, चुकीच्या समजुतीतून चुकीचा निर्णय घेणे वेगळे आणि नियम ठाऊक असून मोडणे वेगळे. पहिल्या प्रकाराला प्रशिक्षण आणि समज यांचा काही उपयोग नाही, कारण ज्याला काम येते त्याचाच हात घसरतो. तिसऱ्या प्रकारातही एक साधी कसोटी आहे : त्या माणसाच्या जागी तितकाच अनुभवी दुसरा माणूस ठेवला असता, तर त्याने काय केले असते? तुमच्याकडे रोज अनेक जण उडी मारतात, असे तुम्हीच लिहिले आहे. सगळेच जेथे एकसारखे वागतात, तेथे कारण त्यांपैकी एकाच्या स्वभावात कसे सापडेल? एखादा एकटाच, सोय असताना आणि घाई नसताना, इतरांना धोक्यात घालून तसे वागत असेल, तर त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही.

अग्निरेखा

आपल्या नागपुरातल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकून मी गेली अकरा वर्षे अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात आहे. ‘निष्काळजीपणा’चा आगीच्या क्षेत्रातला सख्खा भाऊ म्हणजे ‘शॉर्ट सर्किट’. आग विझली, धूर निवळला आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण छापून येते. जळालेल्या वायरवर तांब्याचा वितळलेला मणी सापडला, की तो पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो मणी एवढेच सांगतो की ठिणगी उडाली तेव्हा त्या वायरमध्ये वीज होती. बाहेरच्या आगीने वायरचे आवरण जाळले आणि मग आतल्या तारा एकमेकींना टेकल्या, तरीही तसाच मणी होतो. त्यामुळे शॉर्ट सर्किट हे आगीचे कारण होते की आगीचा परिणाम, हे ठरवायला आगीची सुरुवात कोठे झाली ते आधी शोधावे लागते, आणि त्यासाठी राख उपसण्याआधी तेथे पोचावे लागते. पंचनामा होईपर्यंत अर्धी जागा साफ केलेली असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

याला जोडून आणखी एक मुद्दा मांडते. अपघात का झाला आणि नुकसान एवढे का झाले, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. आपल्या भागातील कित्येक घरांवर तो घाला होता. टायर फुटला की चालकाचा डोळा लागला, यावर कित्येक दिवस चर्चा चालली. बस दाराच्या बाजूवर उलटली होती, त्यामुळे दार जमिनीकडे गेले. दार खाली गेल्यावर बाहेर पडायचा दुसरा मार्ग किती सेकंदांत सापडतो, खिडकीची काच कशाने फुटते आणि ते अंधारात झोपेतून उठलेल्या माणसाला कसे कळावे, यावर त्या मानाने फार थोडे बोलले गेले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही निघाले, तरी दुसऱ्याचे बदलत नाही.

जयपूरचेही तसेच. २९ ऑक्टोबर २००९ रोजी तेथील इंधन साठ्यात एका हॅमर ब्लाइंड झडपेतून (पाइप बंद-उघड करण्याच्या एका प्रकारच्या झडपेतून) पेट्रोल बाहेर उसळले. झडपेपाशी माणसांची चूक झाली होती, यात वाद नाही. पण त्यानंतर तासाहून अधिक काळ पेट्रोल वाहत राहिले, त्याच्या बाष्पाचा ढग आवारभर पसरला आणि मग स्फोट झाला. दूरवरून बंद करता येणारी झडप चालू स्थितीत असती, तर त्या चुकीची किंमत एवढी झाली नसती. विस्फोटके आणि पेट्रोलियम यांच्या सुरक्षेचे नियमन करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्याच शहरात आहे, तेव्हा ही प्रकरणे नागपूरच्या तरुण अभियंत्यांनी मुळातून वाचावीत असे मला फार वाटते.

मेघना_रसायन

आमच्या रसायन क्षेत्रात जोखीम विश्लेषणासाठी हॅझॉप करतात. पाइपच्या प्रत्येक टप्प्याला ‘प्रवाह नाही’, ‘प्रवाह उलटा’, ‘तापमान जास्त’ असे शब्द लावून काय होईल ते विचारत जातो. पद्धत चांगली आहे, परंतु ती ज्या नकाशावर केली तो नकाशा खरा असेल तोवरच. इंग्लंडमधील फ्लिक्सबरोच्या कारखान्यात १९७४ साली सहा रिअ‍ॅक्टर ओळीने होते. पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले. त्या पाइपची आखणी कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने केली होती. १ जून रोजी तो पाइप निखळला, स्फोट झाला आणि २८ माणसे गेली. बदलाला परवानगी घेण्याची रीत त्यानंतर जगभर कडक झाली. तरीही मला दिसणारे सर्वांत धोकादायक बदल पाइपचे नसतात. ठेकेदार बदलला, पाळी आठ तासांची बारा तासांची झाली, ओल्या कोळशाचा पुरवठा सुरू झाला. या बदलांना कोणी परवानगीचा फॉर्म भरत नाही आणि नोंदवहीतली शक्यता १ ची १ च राहते.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. जखमी माणसाशी तुम्ही बोललात का, आणि काय विचारले? आणि ‘पाच वेळा का’ ही पद्धत, म्हणजे प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का’ विचारत जाणे, वापरली का? माझा तिच्याबद्दलचा अनुभव फारसा चांगला नाही.

अजनीकर

बोललो, पण तीन आठवडे उशिरा, त्याच्या घरी जाऊन. आधी माझा प्रश्नच चुकला. ‘तू चालू बेल्टवर हात का घातलास?’ असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली आणि ‘चुकलं साहेब’ एवढेच म्हणाला. मग मी त्याला म्हटले, ‘आम्ही आलो नसतो असे समज आणि पाळीवर गेल्यापासून काय काय करतोस ते सांग.’ तेव्हा तो अर्धा तास बोलला. त्यातली दोन वाक्ये मी जशीच्या तशी लिहून ठेवली आहेत : ‘गार्ड लावून ठेवलं तर कोळसा काढाचा कसा? अन् कोळसा नाही काढला तर बेल्ट सरकते, मग बॉयलरवाले बोंबलते.’ आमच्या समितीतल्या पाचही जणांना जे दिसले नव्हते, ते या दोन वाक्यांत होते. गार्ड न काढता सफाई करण्याची सोयच आम्ही दिलेली नव्हती, आणि बेल्ट बंद करून सफाई करायची तर बॉयलर विभागाची परवानगी लागत होती, जी दिवसातून तीनदा मिळणे शक्य नव्हते.

‘पाच वेळा का’ आम्ही वापरली आणि तिने आम्हाला एका सरळ रेषेत नेले. हात का अडकला, गार्ड नव्हता म्हणून. गार्ड का नव्हता, सफाईसाठी काढला म्हणून. सफाई का, कोळसा सांडतो म्हणून. हे ठीक होते, परंतु हात अडकल्यावर बेल्ट का थांबला नाही, ही दुसरी रेषा तिच्यात कोठेच आली नाही. पुल कॉर्ड आमच्या कागदावर तेव्हा उमटली, जेव्हा आम्ही प्रमेय यांनी सांगितल्याप्रमाणे ‘हे आणि तेही’ अशा दोन फांद्या काढल्या. तेव्हापासून मी सुरुवातीला दोन प्रश्न वेगळे लिहितो, अग्निरेखाताईंनी म्हटले आहे तसेच : का घडले, आणि घडल्यावर का थांबले नाही.

खाणकरी

शेवटी काय बदलले ते लिहा भाऊ. आणि पुल कॉर्ड किती ओढल्यावर बेल्ट थांबतो, ते मोजता का? आमच्याकडे ‘पुल कॉर्ड : चालू’ अशी टिकमार्क होत असे. चालू म्हणजे काय, ते कोणी विचारत नसे.

अजनीकर

कोळसा सांडतो त्या ठिकाणची चुट (कोळसा बेल्टवर सोडणारी घसरण) रुंद केली आणि परतीच्या बेल्टला खरवडणी बसवली, त्यामुळे टेल पुलीपाशी साचणारा कोळसा निम्म्याहून कमी झाला. गार्ड आता जाळीचा आणि बिजागरीचा आहे. खालून लांब दांड्याचे खुरपे आत जाते, हात जात नाही, आणि गार्ड उघडला तर बेल्ट बंद पडतो. यासाठी लागलेला खर्च मंजूर व्हायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत पाळी बदलताना वीस मिनिटे बेल्ट थांबवून, स्विचला कुलूप घालून सफाई करू दिली गेली, आणि ती वीस मिनिटे मिळवणे गार्डच्या खर्चापेक्षा अवघड गेले.

नोंदवहीतली ती ओळ बदलली. काम पूर्ण होईपर्यंत शक्यता ३ लिहून ठेवली होती आणि ती लाल रंगात पाहून वरिष्ठांनी मला दोनदा बोलावून विचारले. आता प्रत्येक अडथळ्यासमोर ‘प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख’ आणि ‘पाहणाऱ्याची सही’ असे दोन रकाने आहेत. तारीख महिन्याहून जुनी झाली, की तो अडथळा नाही असे धरून शक्यता पुन्हा लिहायची.

पुल कॉर्ड मोजतो. दर सोमवारी पहिल्या पाळीत बेल्ट रिकामा चालवून तीन ठिकाणी दोरी ओढतो. किती सेंटिमीटर ओढल्यावर स्विच पडला आणि त्यानंतर बेल्ट किती सेकंद चालत राहिला, हे दोन्ही आकडे लिहितो. पहिल्या सोमवारी मधल्या ठिकाणी स्विच पडलाच नव्हता.